एनटी स्कॅन कसा काम करतो आणि रिपोर्टवरचा ‘१:२१०’ हा आकडा येतो कुठून?

गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात डॉक्टर एक सोनोग्राफी लिहून देतात, तिला सगळे ‘एनटी स्कॅन’ म्हणतात. बहुतेक वेळा तिच्या जोडीला ‘डबल मार्कर’ नावाची रक्ततपासणी असते. दोन्ही मिळून जो रिपोर्ट येतो त्यात शेवटी एक गुणोत्तर छापलेलं असतं. १:३४००, १:९५०, १:२१० असं काहीतरी. त्याच्यापुढे ‘लो रिस्क’ नाहीतर ‘हाय रिस्क’. घरात त्या दिवशी चर्चा होते ती फक्त या शेवटच्या दोन शब्दांची.

या लेखात आपण पाहणार आहोत की मशीन नेमकं काय मोजतं, सॉफ्टवेअर त्या मापाचं काय करतं आणि तो शेवटचा आकडा कसा वाचायचा. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. उपचार सांगणं माझं काम नाही आणि इथे ते मिळणारही नाहीत. पण आत कोणतं गणित चाललंय हे सांगता येतं. ते सहसा कुणी सांगत नाही, कारण ओपीडीत बाहेर तीस जणी नंबर लावून बसलेल्या असतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच. हा स्कॅन म्हणजे चाळणी आहे. चाळणीचं काम ‘पुढे कुणाला नीट तपासायचं’ एवढंच ठरवण्याचं. निदान वेगळ्या तपासणीने होतं. पुढचं सगळं या फरकावर उभं आहे.

११ ते १४ आठवडेच का?

एनटी स्कॅन ११ आठवडे पूर्ण झाल्यापासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत करतात. खरं तर डॉक्टर आठवड्यांपेक्षा गर्भाची लांबी बघतात. डोक्याच्या टोकापासून कुल्ल्यापर्यंतच्या या लांबीला सीआरएल म्हणतात आणि ती ४५ ते ८४ मिलिमीटर असावी लागते. शेवटच्या पाळीची तारीख लक्षात नसेल किंवा पाळी अनियमित असेल तर याच लांबीवरून गर्भाचं वय काढतात.

दोन्ही टोकांच्या मर्यादांना कारणं आहेत. ११ आठवड्यांच्या आधी कवटीचं हाड पुरेसं कडक झालेलं नसतं, त्यामुळे कवटी नीट तयार झाली आहे का हे सांगता येत नाही. शिवाय त्या काळात आतड्याचा काही भाग पोटाबाहेर, नाळेच्या मुळाशी असतो आणि साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत आपोआप आत जातो. म्हणजे लवकर बघितलं तर निरोगी गर्भातही ‘आतडी बाहेर’ दिसू शकतात. १४ आठवड्यांनंतर वेगळीच अडचण येते. मानेमागचं जे पाणी मोजायचं असतं तेच ओसरू लागतं, कारण लसिका वाहिन्या कामाला लागलेल्या असतात. मधली ही खिडकी जेमतेम तीन आठवड्यांची. ती गेली की परत येत नाही, म्हणून अपॉइंटमेंट आधीच घेऊन ठेवावी.

आवाजाने मोजायचं कसं?

सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात. प्रोबच्या तोंडाशी सिरॅमिकचे बारीक स्फटिक ओळीने बसवलेले असतात. त्यांना विजेचा झटका दिला की ते थरथरतात आणि आवाजाची लहर निघते. परतणारी लहर त्यांच्यावर आदळली की ते उलट वीज तयार करतात. तोच स्पीकर, तोच माइक. आपल्याला २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. गरोदरपणाच्या सोनोग्राफीत पोटावरून वापरतात तो साधारण ३० लाख ते ७० लाख हर्ट्झचा असतो.

शरीरातल्या मऊ भागात आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो. मशीन हाच एक वेग गृहीत धरतं. दहा सेंटिमीटर खोल असलेल्या गोष्टीवरून प्रतिध्वनी परत यायला साधारण १३० मायक्रोसेकंद लागतात. अशी एकेक रेघ मोजत गेलं तर १२८ रेघांचं एक चित्र १७ मिलिसेकंदांच्या आत तयार होतं, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं. गेम खेळणाऱ्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. पोटावर जेल लावतात ते याचसाठी. प्रोब आणि कातडी यांच्यात हवेचा पातळ थर जरी राहिला तरी जवळजवळ सगळा आवाज तिथूनच माघारी फिरतो.

आता खरी गंमत. ५० लाख हर्ट्झला तरंगलांबी येते ०.३ मिलिमीटर. आणि एनटीचं माप लिहितात ०.१ मिलिमीटरच्या अचूकतेने! तरंगलांबीपेक्षा बारीक मोजायचं म्हटल्यावर हात, कोन आणि सेटिंग या सगळ्याला किंमत येते. प्रोबपासून खोलीच्या दिशेने मशीन बऱ्यापैकी बारीक फरक ओळखतं, आडव्या दिशेने तेवढं ओळखत नाही. म्हणून गर्भ आडवा झोपलेला असताना, मानेची रेघ लहरीला काटकोनात असतानाच माप घ्यायचं. फ्रीक्वेन्सी वाढवली की चित्र रेखीव होतं, पण आवाज खोलवर पोचत नाही. पोटाच्या भिंतीत चरबी जास्त असेल तर चित्र पुसट येण्याचं हेही एक कारण. अशा वेळी योनीमार्गातून स्कॅन करावा लागू शकतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

सुरक्षिततेचं विचाराल तर स्क्रीनच्या कोपऱ्यात टीआय आणि एमआय असे दोन छोटे आकडे चालू असतात. पहिला ऊतींची उष्णता किती वाढू शकते याचा अंदाज देतो, दुसरा लहरीच्या दाबामुळे होऊ शकणाऱ्या यांत्रिक परिणामाचा. पहिल्या तिमाहीत डॉपलर वापरायचा असेल तर टीआय १ च्या आत ठेवायचा आणि वेळ कमीत कमी घ्यायचा असा संकेत आहे. साध्या स्कॅनने बाळाला इजा झाल्याचा पुरावा नाही. तरी ‘सहज बघू या’ म्हणून दर आठवड्याला मशीनखाली जायचंही कारण नाही.

एनटी म्हणजे काय?

एनटी म्हणजे न्यूकल ट्रान्सल्यूसन्सी. गर्भाच्या मानेमागे, कातडी आणि आतल्या ऊतींच्या मध्ये थोडं पाणी साठलेलं असतं. सोनोग्राफीत पाणी काळं दिसतं. दोन पांढऱ्या रेघांमधल्या या काळ्या पट्टीची जाडी म्हणजे एनटी. हे पाणी प्रत्येक गर्भात असतं. रिपोर्टमध्ये ‘एनटी आहे’ असं वाचून घाबरलेले लोक मी पाहिले आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो. बघायचं असतं ते किती आहे.

४५ मिलिमीटरच्या गर्भात ही पट्टी साधारण १.२ मिलिमीटर असते, ८४ मिलिमीटरच्या गर्भात १.९. ही झाली मधली किंमत. शंभरातल्या पंचाण्णव गर्भांत ती ज्याच्या आत असते तो आकडा लांबीनुसार २.१ पासून २.७ पर्यंत सरकतो. म्हणून ‘२.५ च्या वर म्हणजे वाईट’ हा जो नियम ऐकायला मिळतो तो कच्चा आहे. ४५ मिलिमीटरच्या गर्भात २.५ जास्त आहे, ८० मिलिमीटरच्या गर्भात नाही. ३.५ मिलिमीटर हा आकडा मात्र लांबी कितीही असो, शंभरात एखाद्याच गर्भात ओलांडला जातो.

माप घेण्याची शिस्त कडक आहे. गर्भ अगदी बाजूने, मधोमध कापल्यासारखा दिसला पाहिजे. मान मागे झुकलेली असेल तर माप फुगतं, हनुवटी छातीला टेकलेली असेल तर घटतं. डोकं आणि छातीचा वरचा भाग एवढ्यानेच स्क्रीन भरली पाहिजे. गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, जास्त ठेवला तर पांढऱ्या रेघा जाड होतात आणि मधली काळी जागा खोटी लहान दिसते. गर्भाभोवतीचा गर्भजलाचा पातळ पडदा मानेमागे आला तर तीच कातडी वाटू शकते, म्हणून गर्भ हलेपर्यंत थांबायचं. शेवटी तीनेक मापं घेऊन त्यातलं सर्वांत मोठं, नीट घेतलेलं माप लिहायचं. इतकं सगळं असल्यामुळे कधी वीस मिनिटं लागतात, कधी बाईंना ‘जरा फिरून या, पाणी प्या’ म्हणून बाहेर पाठवतात. बाळ उलट्या बाजूला वळून बसलं असेल तर डॉक्टरांचाही इलाज नसतो.

याची मुळं जुनी आहेत. जॉन लँगडन डाऊन या इंग्रज डॉक्टरांनी १८६६ मध्ये, ज्याला आज आपण डाऊन सिंड्रोम म्हणतो त्याचं वर्णन करताना, या मुलांची कातडी अंगाला सैल, मोठी झाल्यासारखी दिसते असं नोंदवलं होतं. तीच जादा कातडी आणि तिच्याखालचं पाणी तिसऱ्या महिन्यात सोनोग्राफीवर दिसू शकतं, हे लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या किप्रोस निकोलाइडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलं. मध्ये सव्वाशे वर्षं गेली.

रक्ताचं काम

डबल मार्करमध्ये आईच्या रक्तातले दोन पदार्थ मोजतात: फ्री बीटा एचसीजी आणि पॅप-ए. दोन्ही वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून येतात. डाऊन सिंड्रोमच्या गरोदरपणात पहिला सरासरीने दुप्पट आणि दुसरा निम्मा असतो. ‘सरासरीने’ हा शब्द महत्त्वाचा, कारण निरोगी आणि बाधित गरोदरपणांचे आलेख एकमेकांवर बरेच चढलेले असतात. अमुक आकड्याच्या अलीकडे सगळे ठीक आणि पलीकडे सगळे बाधित, अशी रेघ मारता येत नाही.

रिपोर्टमध्ये या पदार्थांपुढे ‘एमओएम’ लिहिलेलं दिसेल. त्याच दिवसांच्या, त्याच वजनाच्या बायकांमध्ये जी मधली किंमत असते तिच्या कितीपट तुमची किंमत आहे, हे ते सांगतं. १.० म्हणजे अगदी मधोमध. इथे आमच्या धंद्यातला जुना नियम लागू होतो, इनपुट चुकलं तर आउटपुट चुकणारच. पॅप-ए या आठवड्यांत झपाट्याने वाढत असतं, त्यामुळे गर्भाचं वय चार-पाच दिवसांनी चुकीचं टाकलं तरी एमओएम हलतं. वजन जास्त असलेल्या स्त्रीच्या रक्तात हे पदार्थ विरळ होतात, म्हणून वजनाची दुरुस्ती करावी लागते. आयव्हीएफ, सिगारेट, मधुमेह, जुळी, वंश या सगळ्यांच्या दुरुस्त्या सॉफ्टवेअरमध्ये असतात, पण कुणीतरी फॉर्मवर ते भरलं असेल तरच. लॅबमध्ये ‘वजन किती?’ विचारल्यावर अंदाजे सांगू नका. काट्यावर उभं राहा.

आता तो आकडा

गणिताचा सांगाडा अठराव्या शतकातला आहे, थॉमस बेज यांच्या नावाचा. सुरुवातीला एक शक्यता धरायची आणि प्रत्येक नव्या माहितीनुसार ती वरखाली करायची.

सुरुवातीची शक्यता आईच्या वयावरून येते. १२ आठवड्यांना डाऊन सिंड्रोमची शक्यता विशीत साधारण १:१०७०, तिशीला १:६२६, पस्तिशीला १:२४९ आणि चाळिशीला १:६८ अशी धरतात. मग सॉफ्टवेअर विचारतं: हे एनटी माप निरोगी गर्भांच्या आलेखात किती उंचीवर पडतं आणि बाधित गर्भांच्या आलेखात किती उंचीवर? दोन उंचींचा भागाकार हा एक गुणक. रक्तातल्या दोन पदार्थांचे आपसातलेही नाते असते, ते धरून त्यांचा दुसरा गुणक. नाकाचं हाड दिसतं की नाही, हृदयाच्या झडपेतून रक्त मागे येतंय का, अशी चिन्हं बघितली असतील तर त्यांचेही. मूळ शक्यतेला या सगळ्यांनी गुणलं की रिपोर्टवरचा आकडा येतो. एखाद्या गुणकाने ती शक्यता वाढते, एखाद्याने कमी होते.

माझ्या बायकोचं उदाहरण देतो, तिला विचारूनच. वय ३०. एनटी १.६, नाकाचं हाड दिसतंय, ठोके व्यवस्थित. सोनोग्राफीवाल्या डॉक्टरीणबाई हसून ‘छान आहे’ म्हणाल्या. चार दिवसांनी शनिवारी संध्याकाळी लॅबची पीडीएफ फोनवर आली, त्यात लाल अक्षरांत १:२१०, हाय रिस्क. सासूबाई रडायला लागल्या. माझ्या आईने विचारलं, ‘म्हणजे नापास झालं का रे?’ आत्याचं सांगलीहून फोनवर एकच, ‘आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं, उगाच डोक्याला ताप.’ आणि डॉक्टर भेटणार सोमवारी.

मी ती पीडीएफ ओळीओळीने वाचली. वजन ५८ किलो, बरोबर. तारीख, लांबी, बाकीचे रकाने, सगळं बरोबर. चूक कुठेच नव्हती. पॅप-ए ०.४२ एमओएम होतं, बस्स. वयावरून धरलेली १:६२६ ही शक्यता रक्ताच्या गुणकाने जवळपास तिप्पट झाली होती. पण १:२१० चा सरळ अर्थ काय? असे आकडे असलेल्या २१० जणी एका हॉलमध्ये बसवल्या तर त्यांतल्या एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल आणि २०९ जणींच्या बाळांना नसेल. टक्क्यांत सांगायचं तर अर्ध्याहूनही कमी. सासूबाईंना मी हॉलचंच उदाहरण दिलं. त्यांनी विचारलं, ‘आणि ती एक आपलीच असली तर?’ याचं उत्तर गणितात नाही.

‘हाय रिस्क’ची रेघ कोण मारतं?

आपल्याकडे अनेक लॅब १:२५० ही रेघ धरतात. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत ती १:१५० आहे. म्हणजे तोच १:२१० चा रिपोर्ट घेऊन आम्ही लंडनला राहत असतो तर तो ‘कमी शक्यता’ या गटात पडला असता आणि लाल अक्षरं आलीच नसती. बाळ तेच, रक्त तेच. ही रेघ निसर्गाने आखलेली नाही. किती जणींना पुढच्या तपासणीला पाठवायचं आणि किती प्रकरणं निसटलेली चालवून घ्यायची, या हिशोबातून माणसांनी ठरवलेली आहे.

तो हिशोब कागदावर करून बघू. एक लाख गरोदर स्त्रिया घ्या आणि सोपं जावं म्हणून धरा की दर ५०० मागे एका गर्भाला डाऊन सिंड्रोम आहे, म्हणजे एकूण २००. वय, एनटी आणि डबल मार्कर मिळून केलेली तपासणी साधारण ९० टक्के प्रकरणं पकडते आणि ५ टक्के निरोगी गरोदरपणांवरही बोट ठेवते. म्हणजे २०० पैकी १८० सापडतील, २० निसटतील. उरलेल्या ९९,८०० निरोगींपैकी ४,९९० जणींच्या हातातही ‘हाय रिस्क’चा कागद पडेल. एकूण ५,१७० लाल रिपोर्ट, त्यांतले खरे १८०. साधारण २९ मागे एक. दुसऱ्या बाजूचे ते २० विसरू नका. ‘लो रिस्क’ आला म्हणजे शक्यता शून्य झाली असं नाही.

पुढे काय काय असतं?

एनआयपीटी ही आईच्या रक्ताचीच, पण वेगळ्या जातीची तपासणी. गरोदर स्त्रीच्या रक्तात वारेतून सुटलेले डीएनएचे तुकडे फिरत असतात, हे हाँगकाँगचे डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं. रक्तातल्या मोकळ्या डीएनएपैकी साधारण दहावा भाग वारेचा असतो. लाखो तुकडे वाचून कोणत्या गुणसूत्राचे किती आले ते मोजायचं. एकविसाव्याचे अपेक्षेपेक्षा किंचित जास्त भरले तर शंका घ्यायची. मला हे फार आवडतं, कारण हे सरळ सरळ मोजणीचं सॉफ्टवेअर आहे. डाऊन सिंड्रोमची ९९ टक्के प्रकरणं ती पकडते आणि हजारात एखादीलाच खोटा इशारा देते. तरी वरच्या एक लाखाच्या गटात हिशोब केला तर १९८ खरे आणि १०० खोटे इशारे येतात. म्हणून एनआयपीटीसुद्धा चाळणीच. फक्त बारीक. खर्च मात्र बऱ्याच ठिकाणी दहा हजारांच्या पुढे जातो.

निदान करणाऱ्या तपासण्या दोन. ११ आठवड्यांनंतर सुईने वारेचा बारीक नमुना घेतात, ती सीव्हीएस. साधारण १६ आठवड्यांना गर्भजल काढतात, ती अॅम्नियोसेंटेसिस. त्यात गुणसूत्रं प्रत्यक्ष तपासली जातात. या तपासण्यांमुळे गर्भपात होण्याचा धोका अनुभवी हातात एक टक्क्याच्या खाली असतो, पण असतो. एनटी ३.५ च्या वर असेल किंवा स्कॅनमध्येच रचनेचा दोष दिसला असेल तर मध्ये एनआयपीटीत दिवस न घालवता थेट इकडेच यावं लागू शकतं, कारण तिथे डाऊनखेरीज इतर अनेक शक्यता बघायच्या असतात.

आम्ही एनआयपीटी केली. दहा दिवसांनी रिपोर्ट आला, शक्यता कमी. ते दहा दिवस कसे गेले ते लिहिण्यासारखं नाही. पण कमी पॅप-एची नोंद डॉक्टरांनी सोडून दिली नाही. ते वार जरा अशक्त असल्याचंही चिन्ह असू शकतं, म्हणून बाळाच्या वाढीचे जादा स्कॅन आणि गर्भाशयाच्या धमन्यांचा डॉपलर लावला. याच आठवड्यांत रक्तदाब, हा डॉपलर आणि पॅप-ए मिळून पुढे प्रीएक्लाम्प्सिया, म्हणजे गरोदरपणातला रक्तदाबाचा गंभीर आजार, होण्याची शक्यताही काढता येते. ज्यांची ती जास्त निघते त्यांना रोज १५० मिलिग्रॅम अॅस्पिरिन दिल्याने मुदतीआधी होणारा हा आजार निम्म्याहून कमी झाला, असं २०१७ च्या मोठ्या युरोपीय चाचणीत दिसलं. स्वतःच्या मनाने गोळी सुरू करू नका, पण डॉक्टरांना विचारायला काहीच हरकत नाही.

बारा आठवड्यांना काय दिसतं, काय नाही?

एनटी स्कॅन फक्त मानेमागचं पाणी बघण्यासाठी नसतो. सहा सेंटिमीटरच्या गर्भातही कवटी नसणं, मेंदूचे दोन भाग वेगळे न होणं, पोटाची भिंत उघडी राहणं, मूत्राशय प्रचंड फुगलेलं असणं असे मोठे दोष दिसतात. जुळी असतील तर वार एक की दोन, हे ठरवायचीही हीच सर्वांत चांगली वेळ. नंतर ते अवघड होतं.

बरंच काही मात्र दिसत नाही, कारण ते अजून तयारच झालेलं नसतं. मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पूल, मेंदूची पुढची वाढ, हृदयाचे कित्येक दोष, हे पुढे कळतं. त्यासाठी १८ ते २० आठवड्यांना एनॉमली स्कॅन असतो आणि एनटी चांगला आला म्हणून तो टाळायचा नसतो. उलट एनटी जास्त आणि गुणसूत्रं मात्र ठीक, असं असेल तर हृदय खास बघावं लागतं. थोडी धीराची गोष्टही सांगतो: एनटी नेहमीच्या मर्यादेच्या जरा वर, पण ३.५ च्या आत असलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त बाळं निरोगी जन्मतात.

आणि डाऊन सिंड्रोम निघालाच तर? या मुलांची शिकण्याची गती कमी असते, साधारण निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो, त्यातले बरेच शस्त्रक्रियेने दुरुस्त होतात. अनेक जण शाळेत जातात, काही नोकरी करतात. काही आईबाप आधीच कळावं म्हणून तपासणी करतात आणि तयारी करून बाळाला घरी आणतात. काही जण वेगळा निर्णय घेतात. दोन्ही घरांत जाऊन कुणी तिसऱ्याने बोलू नये असं माझं मत आहे.

कायदा आणि कॅलेंडर

सोनोग्राफी सेंटरमध्ये ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी असतेच. हा कायदा सर्वांत आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्राने केला. देशाचा कायदा १९९४ मध्ये आला आणि २००३ मध्ये तो कडक झाला. प्रत्येक स्कॅनला फॉर्म एफ भरतात तो त्याचाच भाग. लिंग जाणून घ्यायचं नाही असं त्यावर लिहून द्यावं लागतं. एनआयपीटीमध्ये यंत्राला लिंग कळू शकतं, तरी भारतात ते सांगता येत नाही. लॅबच्या माणसाला गळ घालू नका, विचारणाराही गुन्हेगार ठरतो.

दुसरा कायदा गर्भपाताचा. २००८ मध्ये मुंबईतलं एक दांपत्य उच्च न्यायालयात गेलं होतं. गर्भाच्या हृदयात गंभीर दोष सापडला होता, पण तोवर तेव्हाची २० आठवड्यांची मर्यादा उलटून गेली होती आणि परवानगी मिळाली नाही. त्या प्रकरणापासून सुरू झालेली चर्चा २०२१ च्या दुरुस्तीपर्यंत आली. आता २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत लागतं. २० ते २४ आठवड्यांमध्ये, कायद्याने ठरवलेल्या कारणांसाठी, दोघांचं. आणि २४ नंतर गर्भात मोठा दोष असेल तर वैद्यकीय मंडळाची परवानगी. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही.

हे आठवडे मोजून बघितलं की बाराव्या आठवड्याची किंमत कळते. १२ व्या आठवड्यात शंका आली तर एनआयपीटीचा निकाल १४ व्या आठवड्यापर्यंत हातात येतो, १६ व्या आठवड्यात गर्भजल तपासता येतं, त्याचा पूर्ण रिपोर्ट दोन-तीन आठवड्यांत. विचार करायला, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला वेळ उरतो. तीच शंका पहिल्यांदा २० व्या आठवड्यात आली तर हीच साखळी २४ च्या उंबरठ्यावर जाऊन पोचते.

स्कॅनला जाताना आधार कार्ड, आधीच्या सोनोग्राफीचे कागद आणि शेवटच्या पाळीची तारीख बरोबर ठेवा. लघवी थोडी साठलेली असलेली बरी, तुडुंब नको. शक्य असेल तर डबल मार्करचं रक्त त्याच दिवशी द्या. रिपोर्ट आला की शेवटच्या ओळीवर उडी मारण्याआधी वरचे रकाने तपासा: जन्मतारीख, वजन, सीआरएल आणि ती मोजल्याची तारीख, एक बाळ की जुळी, आयव्हीएफ आहे की नाही. एखादा रकाना चुकला असेल तर लॅबला फोन करून दुरुस्त आकड्यांवर रिपोर्ट पुन्हा काढून मागा. त्यासाठी नव्याने रक्त द्यावं लागत नाही, तेच गणित पुन्हा चालवायचं असतं.